गावाचा आराखडा आधी आपल्या वहीत

हिंगणघाट हे कापसाचे गाव. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे नाव मुंबईच्या आणि विलायतेच्या बाजारात कापसाची जात म्हणून चालत असे. आजही शेतकऱ्यांचा कापूस येथे येतो, जिनिंगमध्ये सरकी निघते, गाठी बांधल्या जातात, काही सूतही निघते. पण आम्हा कापडवाल्यांच्या दुकानात पाहा. साडी सुरतची, चादर सोलापूरची, धोतर इचलकरंजीचे! कापूस आपला, पण कापडावरची बरीचशी मजुरी दुसऱ्या गावाच्या पदरात.

यावर उपाय विचारला की एकच उत्तर मिळते, मोठा कारखाना आला पाहिजे. कारखाना यावा, त्याला कोणाचा विरोध? परंतु पुलगावची जुनी कापड गिरणी बंद पडली, हेही याच जिल्ह्याने पाहिले. गिरणीचा पगार थांबला की शिंपी, किराणावाला, चहावाला, सर्वांची उधारी थकते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला आणि तो वर्धा जिल्ह्यातून जातो. रस्त्याने माल लवकर बाहेर जाईल, तसा बाहेरचा माल लवकर आतही येईल. फायदा कोणाचा, हे आपल्या तयारीवर अवलंबून आहे.

तयारीचा रस्ता याच जिल्ह्याने दाखविला आहे. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा १९३९ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष होते. त्यांची रीत साधी होती. योजना नंतर, आधी मोजणी. गावात कोण काय बनवितो, कच्चा माल कोठून येतो, पैसा कोठे जातो, हे आधी लिहून काढायचे. आपण व्यापारी दुकानाचा हिशेब असाच ठेवतो. मग गावाचा का नको?

प्रत्येक धंद्याने आपली वही करावी. पिंजारी-मन्सूरी बांधवांनी गाद्यांची, शिंप्यांनी मशिनींची, वेल्डर-गॅरेजवाल्यांनी शिकाऊ मुलांची. दुसऱ्या बाजूला मागणीची वही. सेवाग्राम आणि सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालये, रुग्णालये व वसतिगृहे आहेत. त्यांना वर्षाला चादरी, गणवेश, गाद्या किती लागतात आणि त्यांतील किती जिल्ह्यात शिवता येतील, हे जाऊन विचारावे. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की खरी योजना दिसू लागते.

कोणी म्हणेल, हे नगरपरिषदेचे काम आहे. खरे आहे, पण कायद्यानेही आपल्यासाठी जागा ठेवली आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. बाजाराची जागा, रस्त्याची रुंदी, कोणाचे दुकान जाणार, हे तेथेच ठरते. मुदत संपल्यावर मोर्चा काढून काय उपयोग? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. पाहणीत नाव नसेल तर हातगाडीवाल्याचा हक्क कागदावर उभा कसा राहणार?

आणखी एक गोष्ट. हे निवेदन एका समाजाचे होता कामा नये. कापूस आणणारा शेतकरी, गाठी उचलणारा हमाल, भाजी विकणारी बाई, सर्वांचे पोट एकाच बाजारावर आहे. सर्वांच्या मशवऱ्याने, सर्वांच्या सह्यांनी कागद गेला तर तो टेबलावरून सहज बाजूला सरकविता येत नाही.

तेव्हा बांधवांनो, नेत्याची वाट पाहू नका. येत्या सुट्टीच्या दिवशी आपल्या ओळीतील १० दुकानदार एकत्र बसा आणि पहिले पान लिहा.