सरासरीच्या आड लपलेला वर्ग

मुलांना अमेरिकेत पाठवू पाहणाऱ्या अनेक पालकांकडून मी एकच पूर्वपक्ष ऐकते: मोठ्या विद्यापीठातही बहुतेक वर्ग विसाच्या आतलेच असतात, मग छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात जायचंच कशाला?

हा हिशेब वर्गांचा आहे, विद्यार्थ्यांचा नाही. समजा, नऊ वर्गांत दहा-दहा मुलं आहेत आणि दहाव्यात ४१०. नव्वद टक्के वर्ग विसाच्या आत, असं माहितीपत्रकात खुशाल छापता येईल. प्रत्यक्षात ५०० जागांपैकी ४१० त्या एकाच सभागृहात! शिवाय आकडा प्रत्येक वेळी खरा असतोच असंही नाही. ८२.५ टक्के वर्ग विसाच्या आत असल्याचं कोलंबिया विद्यापीठाने यू. एस. न्यूजच्या क्रमवारीसाठी कळवलं होतं. २०२२ मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी तो दावा खोडून काढला. विद्यापीठाला चूक कबूल करावी लागली आणि ते दुसऱ्या क्रमांकावरून थेट अठराव्यावर घसरलं.

दुसरा मुद्दा नामवंत प्राध्यापकांचा. हार्वर्डच्या सँडर्स थिएटरात मायकेल सँडेल ‘जस्टिस’ शिकवत, तेव्हा शेकडो मुलं तल्लीन होऊन ऐकत. ती व्याख्यानं खरोखर उत्तम आहेत. पण त्यांचं चित्रीकरण आज नाशिकमध्ये बसून फुकट पाहता येतं. एवढं शुल्क भरायचं ते, जे चित्रीकरणात मिळत नाही त्यासाठी. अशा मोठ्या वर्गांत चर्चा घेणं आणि निबंध तपासणं हे काम बहुतेक वेळा सहायकांकडे असतं.

याउलट विल्यम्स या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजातलं ट्युटोरियल पाहा. समोर प्राध्यापक आणि विद्यार्थी फक्त दोन. या आठवड्यात एकाने निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने त्यातले कच्चे दुवे काढायचे. पुढच्या आठवड्यात उलट. हे वाक्य कशाच्या आधारावर लिहिलंस, असं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. अठराव्या वर्षी मुलाला नेमकी याचीच गरज असते, असं माझं ठाम मत आहे.

एरोस्पेस इंजिनिअरिंग करायचं असेल किंवा मोठ्या प्रयोगशाळा हव्या असतील, तर मोठं विद्यापीठच निवडावं, यात वाद नाही. इतरांनी मात्र सरासरी विचारू नये. मुलगी पहिल्या वर्षी घेणार असलेल्या विषयांची नावं घेऊन विचारावं: गेल्या वर्षी या वर्गांत किती मुलं होती, आणि त्यांचे पेपर कोणी तपासले?