गाडी बघायची की बिल्ला?

मंडळाच्या कुठल्याही पॉटलकला चार जण एकत्र उभे राहिले की व्हिसा, घराचे व्याजदर आणि गाड्या हे तीन विषय हमखास निघतात. पहिल्या दोहोंवर वाद होतात, तिसऱ्यावर मात्र आपल्यात जवळजवळ एकमत आहे: घ्यायची तर जपानी, ऐपत असेल तर जर्मन, आणि अमेरिकन गाडी फक्त विमानतळावर भाड्याने घ्यायची. पुरावा म्हणून कुणीतरी ब्रिटिश टीव्हीवरचा कार्यक्रम किंवा जर्मन मासिकातली तुलना पुढे करतो. "अहो, ते तिऱ्हाईत. त्यांना कशाला खोटं बोलायचंय?" असा त्यामागचा युक्तिवाद असतो. परीक्षक परदेशी आहे म्हणून तो तिऱ्हाईत ठरतो, हे मला पटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी आवड आणि पूर्वग्रह यांतला फरक पाहू. ब्रिटनमध्ये १९२१ ते १९४७ पर्यंत गाडीवरचा कर इंजिनाच्या सिलिंडरच्या व्यासावरून ठरत असे. जपानात आजही वार्षिक कर इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे वाढतो. युरोपात पेट्रोलवर जबर कर आहे. साहजिकच तिथल्या इंजिनियरांनी लहान इंजिनातून जास्तीत जास्त ताकद काढण्याची कला साधली आणि तिथल्या वाचकाला तीच श्रेष्ठ वाटू लागली. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ आणि अंतरे अफाट. शिवाय १९७४ ते १९८७ या काळात सगळ्या देशात ताशी ५५ मैलांची मर्यादा होती, तर जर्मन ऑटोबानच्या मोठ्या भागावर आजही वेगाला मर्यादा नाही. इथली गाडी दिवसाला पाचशे मैल न थकता जाण्यासाठी घडली: मोठे संथ इंजिन, मऊ स्प्रिंगा, ऐसपैस सीट. तीच गाडी इंग्लंडच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर नेली की परीक्षक लिहितो, "वळणावर नावेसारखी डोलते." ते खोटे नसते. पण ते जितके गाडीचे वर्णन, तितकेच त्याच्या रस्त्याचे. भाकरी पावासारखी मऊ नाही म्हणून तिला नापास करण्यातला हा प्रकार.

पूर्वग्रह ही याहून वेगळी गोष्ट. तो ओळखायचा कसा? आम्हा रसायनवाल्यांची पद्धत सोपी आहे. बाटलीवरचे लेबल झाकायचे आणि नमुना तपासायला द्यायचा. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना लेबल न दाखवता फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखायला दिल्या. पांढऱ्या आणि तांबड्या या दोन्ही प्रकारांत पहिला नंबर कॅलिफोर्नियाला मिळाला.

गाडीचे लेबल झाकता येत नाही. पण उद्योगाने नकळत असा एक प्रयोग करून ठेवला आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी १९८४ साली 'नम्मी' हा भागीदारीतला कारखाना सुरू केला. तिथे एकाच छपराखाली, त्याच कामगारांच्या हातून टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझम (१९९८ पासून शेव्हरोले प्रिझम) बाहेर पडत. आतून दोघी जवळजवळ एकच. तरीही कोरोला जास्त खपत असे आणि जुन्या बाजारात तिला भावही जास्त येत असे. ज्यांनी विद्यार्थीदशेत जुनी प्रिझम घेतली, त्यांना अमेरिकन बिल्ला लावलेली कोरोला स्वस्तात मिळाली. किमतीतला तो फरक म्हणजे निव्वळ बिल्ल्याची किंमत.

माझ्या विषयाच्या जवळचे एक उदाहरण सांगतो. कॉर्व्हेट या गाडीला अनेक वर्षे आडवी पट्टीची स्प्रिंग असे. "घोडागाडीची स्प्रिंग" म्हणून युरोपीय परीक्षकांनी तिची भरपूर टिंगल केली. पण ऐंशीच्या दशकात ही पट्टी पोलादाची राहिली नाही. ती काचतंतू आणि इपॉक्सी रेझिन यांची होती, वजनाने पोलादी पट्टीच्या साधारण पाचव्या हिश्शाची, आणि न गंजणारी. पुढे २०१५ च्या सुमारास स्वीडनच्या व्होल्व्होने एक्ससी९० या गाडीच्या मागच्या बाजूला काचतंतू आणि पॉलियुरेथेनची तशीच आडवी पट्टी बसवली. त्या वेळी मात्र घोडागाडीची आठवण काढलेली माझ्या वाचनात आली नाही. रेझिन बदलले हे खरे, पण टीकेचा सूर रेझिनमुळे बदलला असे मला वाटत नाही.

मुळात 'अमेरिकन गाडी' म्हणजे काय, हेही सोयीने ठरते. फोर्डने मँचेस्टरमध्ये १९११ साली आणि डॅगनममध्ये १९३१ साली कारखाना काढला. फोर्ड फिएस्टा वर्षानुवर्षे ब्रिटनमधली सर्वाधिक खपाची गाडी होती. सामान्य इंग्रज तिला घरचीच समजत असे. उलट २००५ नंतर युरोपात शेव्हरोले नावाने विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्या मुळात कोरियाच्या देवू कंपनीच्या. म्हणजे आवडली की ती आपली आणि नावडली की अमेरिकन!

पण नाण्याची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. नव्वदच्या दशकात अमेरिका-जपान व्यापाराचा तंटा पेटला असताना ओहायोत बनलेली शेव्हरोले कॅव्हेलियर, स्टिअरिंग उजवीकडे घेऊन, जपानात चक्क 'टोयोटा कॅव्हेलियर' म्हणून विकली गेली. बिल्ला टोयोटाचा असूनही ती अपेक्षेच्या मानाने फारच कमी खपली आणि २००० साली प्रकरण बंद झाले. नुसत्या बिल्ल्याने सगळे भागत नाही. युरोपातल्या परीक्षकांनीही २०१२ साली शेव्हरोले व्होल्ट आणि तिची जुळी बहीण ओपेल अँपेरा यांना 'कार ऑफ द इयर' निवडले. आणि आपल्या इथल्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने जर्मन बीएमडब्ल्यूच्या ३-सिरीजला वीस वर्षांहून अधिक काळ सलग आपल्या पहिल्या दहांत बसवले. डेट्रॉइटच्या गाड्यांचे प्लास्टिक हलके होते, जोडकाम ढिले होते, ही टीका अनेक वर्षे खरीच होती. परक्यांचा पूर्वग्रह ही काही त्यावरची सबब नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचे. पिंपरीच्या टाटा कारखान्यात तयार झालेली इंडिका २००३ साली एमजी रोव्हरने ब्रिटनमध्ये 'सिटीरोव्हर' नावाने, साधारण साडेसहा हजार पौंडांना बाजारात आणली. तिथल्या परीक्षकांनी तिचे वाभाडे काढले. पुण्याच्या माणसाला हे लागणारच. "साहेबाला आपली प्रगती बघवत नाही" हे वाक्य अशा वेळी ओठांवर तयार असते. पण बिल्ला झाकून पाहा. त्याच सुमारास आलेली फियाट पांडा २००४ ची युरोपियन कार ऑफ द इयर ठरली. त्या मानाने सिटीरोव्हर त्या किमतीला महाग होती, हा टीकेचा गाभा रास्तच होता. पूर्वग्रहाची ओरड करण्यापूर्वी ही परीक्षा आपल्या बाजूलाही लावायला हवी.

हे सगळे गाड्यांपुरतेच असते तर मी एवढी झेरॉक्सची पाने अडवली नसती. आपल्यापैकी किती जणांच्या अर्जावरचे आडनाव आणि विद्यापीठाचे नाव वाचूनच निकाल लागला असेल! पदवी पुण्याची की बर्कलेची, हे आधी आणि काम काय केले हे नंतर, याची चीड आपल्याला येते आणि ती योग्यच आहे. मग तीस हजार डॉलर खर्च करताना, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलांसमोर "अमेरिकन म्हणजे रद्दी", "चायनीज म्हणजे नकली" असे निकाल देताना, आपण वेगळे काय करतो? मुले गाडीविषयीचे मत विसरतील, पण माणसे आणि वस्तू लेबलवरून जोखायची सवय उचलतील.

तेव्हा परदेशी परीक्षण जरूर वाचा, पण त्यातली विशेषणे सोडून आकडे वाचा. ब्रेक लावल्यावर गाडी किती फुटांत थांबते, गॅलनला किती मैल जाते, आत आवाज किती, हे मोजमाप देशाभिमान फारसे जाणत नाही. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' गाड्या स्वतः विकत घेऊन तपासते आणि जाहिराती घेत नाही; लायब्ररीत अंक पाहायला मिळतो. शेवटी तुमच्याच नेहमीच्या रस्त्यावर स्वतः चालवून बघा. एवढे करून कॅमरीच घ्यावीशी वाटली तर अवश्य घ्या. फक्त कारण विचारल्यावर बिल्ल्याकडे बोट दाखवू नका.

ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे. मात्र कृपया आकड्यांसह!