वांकविलेली मान आणि सांवरलेला घोडा

स्वारीच्या घोड्याची परीक्षा करतांना पुष्कळांची नजर प्रथम त्याच्या मानेवर जाते. मान कमानीसारखी वांकलेली व हनुवटी छातीकडे ओढलेली दिसली कीं, "काय ऐटदार जनावर हें !" असे उद्गार निघतात. आमच्या मतें ही परीक्षा उलट्या टोंकाकडून केलेली असते.

घोडा स्वभावतःच आपल्या भाराचे शंभरांपैकीं सुमारें ६० भाग पुढच्या पायांवर वाहतो; स्वार बसला म्हणजे त्यांत भरच पडते. तो भार कांहींसा मागें घेण्यास शिकविणें, हेंच अंग सांवरण्याचें शिक्षण होय. असा शिकलेला घोडा मागचे पाय पोटाखालीं घेतो, त्यांचे सांधे वांकवितो, पुठ्ठे किंचित् खालीं करितो आणि पाठ उचलून धरितो. मग पुढचें अंग हलकें होऊन मान आपोआप उंचावते. अशा वेळीं दोन्ही कानांमधला माथा सर्वांत उंच असतो व कपाळापासून नाकापर्यंतची रेषा ओळंब्याच्या किंचित् पुढें राहते. सारांश, मस्तकाची ठेवण हें फळ आहे; मूळ मागच्या पायांत आहे.

परंतु फळाची घाई झालेला स्वार लगाम ओढून नाक छातीशीं आणतो. माथा खालीं जातो, पाठ ताठते, मागचे पाय मागेंच रेंगाळतात. घोड्यास जुलमानें शिकवूं नये, हें अथेन्सच्या झेनोफोननें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच आपल्या अश्वारोहणावरील ग्रंथांत सांगितलें होतें. तरीहि २०१० सालीं आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघास, बळजबरीनें मान अति वांकविणें अमान्य आहे, असें जाहीर करावें लागलें.

मग खरी पारख कोणती ? स्वारानें क्षणभर हात पुढें करून लगाम सैल सोडावा. सांवरलेला घोडा आपला तोल व चाल तशीच राखितो; ओढून धरलेल्याचा तोल तेव्हांच ढळतो.

कोणी म्हणेल, दुरून पाहणाऱ्यास इतकें कसें कळावें ? पण मागचे पाय तर कोणासहि दिसतात ! ज्या दिखाऊ मानेस आज आपण टाळ्या देतों, तीच उद्यां दुसरा स्वार आपल्या घोड्यावर लादतो. म्हणून दोष एकट्या स्वाराचा नव्हे, पाहणारांचाहि आहे. आम्हां शिक्षकांस व पालकांस तर हें विशेष ध्यानांत ठेवावयास हवें. कारण धाकानें खालीं घातलेली मान आम्हीहि पुष्कळदां शिस्त म्हणून वाखाणली आहे.