पुरस्काराच्या आडोशाला किशोर कादंबरी

मराठीत बालसाहित्य उपेक्षित आहे, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. संमेलनांच्या व्यासपीठांवरून, पुस्तकांच्या प्रस्तावनांतून आणि प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणांतून ते जवळजवळ त्याच शब्दांत येत राहते. माझ्या मते हे विधान अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य असल्यामुळेच ते सोयीचे झाले आहे. दहा ते चौदा वर्षांच्या वाचकासाठी लिहिल्या जाणाऱ्या किशोर कादंबरीची आज उपेक्षा होत नाही, तिचा सत्कार होतो. तिला पारितोषिके मिळतात, तिच्या आवृत्त्या निघतात, शाळांच्या ग्रंथालयांसाठी तिची खरेदी होते. होत नाही ती तिची समीक्षा. आणि पुरस्कार ही आता समीक्षेची पहिली पायरी राहिलेली नसून समीक्षा टाळण्याची सन्मान्य रीत झाली आहे, असा या लेखाचा आरोप आहे.

साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार २०१० साली सुरू केला. मराठीपुरते पाहिले तर २०२५ पर्यंतच्या सोळा वर्षांत तो पाच वेळा कादंबरीला मिळाला : ल. म. कडू यांची 'खारीचा वाटा' (२०१७), सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' (२०१९), संजय वाघ यांची 'जोकर बनला किंगमेकर' (२०२१), संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२) आणि भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४). याच काळात अनंत भावे (२०१३), माधुरी पुरंदरे (२०१४), राजीव तांबे (२०१६), रत्नाकर मतकरी (२०१८) यांना तो एखाद्या पुस्तकासाठी न मिळता समग्र योगदानासाठी मिळाला. या लेखकांच्या योग्यतेविषयी वाद नाही. परंतु 'समग्र योगदान' ही संज्ञा काय करते ते पाहण्यासारखे आहे. ती लेखकाचा गौरव करते आणि त्याची कोणती कृती का श्रेष्ठ, हा प्रश्न विचारण्याची वेळच येऊ देत नाही. आयुष्याचा सत्कार करता येतो; समीक्षा मात्र कृतीचीच करावी लागते.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांची नावे तर याहून बोलकी आहेत. बालवाङ्मयातील कादंबरीचा पुरस्कार साने गुरुजींच्या नावे आहे. भा. रा. भागवतांचे नाव दिले आहे ते नाटक-एकांकिकेच्या पुरस्काराला. ज्या लेखकाने फास्टर फेणेसारखा नायक मराठी मुलांना दिला, ज्याने ज्यूल व्हर्न मराठीत आणला, त्याचे नाव कथनात्मक गद्याशी जोडावे असे कोणाला वाटले नाही. ही कारकुनी नजरचूक असेलही. मला मात्र त्यात एक वाङ्मयीन निर्णय दिसतो : मुलांची कादंबरी म्हणजे संस्कार, आणि बाकीचे सगळे करमणूक.

हा निर्णय प्रत्यक्षात कसा घेतला जातो, हे मी एकदा आतून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या किशोर कादंबरी पुरस्कारासाठी मी परीक्षक होते. संस्थेने गुणपत्रक पाठवले होते. त्यात विषयाची उपयुक्तता, संस्कारमूल्य, भाषेची शुद्धता, मुखपृष्ठ व चित्रे असे रकाने होते. निवेदन, रचना, पात्रांची घडण यांपैकी कशालाही रकाना नव्हता. शेवटच्या दोन पुस्तकांपैकी एकाचा शेवट अनिश्चित होता : घर सोडून गेलेला बाप परत येत नाही आणि मुलगा त्याची वाट पाहणे हळूहळू सोडून देतो. 'मुलांच्या मनावर याचा परिणाम काय होईल?' असा प्रश्न बैठकीत आला. दुसऱ्या पुस्तकातील मुलगा व्यसनी शेजाऱ्याला सुधारतो. पुरस्कार त्याला मिळाला. निर्णय एकमताचा होता, आणि त्या एकमतात माझीही सही होती. एम. ए. च्या वर्गात कथनमीमांसा शिकवणारी मी, त्या टेबलाशी शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासारखी वागले. तेव्हा हा लेख इतरांवरचा आरोप म्हणून वाचला जाऊ नये.

आपली समीक्षा इथे अशी का वागते, याला एक इतिहास आहे. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) पासून मराठी नवसमीक्षेने कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरला. त्या आग्रहाने आपल्याला कृतीकडे बारकाईने पाहायला शिकवले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या पोटात एक गृहीत होते : विशिष्ट वाचक डोळ्यांपुढे ठेवून, त्याच्यासाठी म्हणून लिहिलेले लेखन कुठे तरी कमअस्सल असते. किशोर कादंबरीचे तर लक्षणच मुळी तिचा वाचक. त्यामुळे ती स्वायत्ततेच्या दाराशीच अडली आणि शिक्षणशास्त्राच्या स्वाधीन झाली. विंदा करंदीकरांची प्रौढांसाठीची कविता समीक्षेने ओळीओळीने उलगडली, त्यांच्या 'एटू लोकांचा देश'च्या वाट्याला कौतुक आले. कवी मात्र एकच होता. पुढे स्वायत्ततावाद मागे पडला, मार्क्सवादी, देशीवादी, स्त्रीवादी भूमिका आल्या, वाचककेंद्री सिद्धान्तही आपण शिकवू लागलो. वाचकाचे स्थान संहितेतच कोरलेले असते हे आपण इझरच्या आधारे सांगतो. पण ज्या वाङ्मयप्रकारात हे स्थान सर्वांत ठळक आहे, त्याकडे वळून पाहत नाही. इतिहास लिहिले गेले, मालतीबाई दांडेकरांसारख्यांनी आयुष्य वेचून पाया घातला. विश्लेषणाची इमारत त्यावर उभी राहिली नाही.

या अभावाने नेमके काय निसटते, हे मला एका वाचकाने दाखवले. मी आंबिवलीला राहते. शहाड आणि टिटवाळा यांच्यामधले हे कसारा मार्गावरचे स्थानक. शेजारी मोहन्याचा एन. आर. सी. चा रेयॉन कारखाना. तो २००९ साली बंद पडला आणि त्याच्या भोंग्यावर चालणारी वस्ती त्याच्यासह विस्कटली. रविवारी आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत आसपासची दहाबारा मुले वाचायला येतात. त्यांतल्या सहावीतल्या एका मुलाच्या हातात मी मोठ्या उत्साहाने एक पुरस्कारप्राप्त कादंबरी दिली. पुढच्या रविवारी त्याने ती अर्धी वाचून परत आणली. का, असे विचारल्यावर म्हणाला, "यातला मुलगा आमच्या बाईंसारखा बोलतो."

आमच्या गुणपत्रकात या अभिप्रायासाठी जागा नव्हती. वस्तुतः तो निवेदनाविषयीचा अत्यंत नेमका आक्षेप आहे. किशोर कादंबरीचा मूळ पेच असा की लिहिणारा प्रौढ असतो, अनुभवणारे पात्र मूल असते आणि वाचणारेही मूलच असते. लेखकाला जे कळते आणि पात्राला जे कळते त्यांतले अंतर कादंबरीत कुठे तरी ठेवावेच लागते. ते कुठे आणि कसे ठेवले, यावर या प्रकाराचे सारे सौंदर्य व सारे नैतिक वजन अवलंबून असते. बार्बरा वॉल यांनी १९९१ साली या पेचाचा विचार निवेदकाच्या संबोधनाच्या अंगाने केला : निवेदक केवळ मुलाशी बोलतो, मुलाशी बोलता बोलता त्याच्या डोक्यावरून प्रौढाला डोळा मारतो, की दोघांशी एकाच वेळी, कोणालाही कमी न लेखता बोलतो? ही वर्गवारी आपल्याकडे जशीच्या तशी लावावी असे नाही. पण प्रश्न आपलाही आहे.

या दृष्टीने 'श्यामची आई' पुन्हा वाचावी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाची चौकट आपण विसरून गेलो आहोत. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना बेचाळीस रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे बालसाहित्याचा मानदंड ठरलेल्या या कृतीत, संहितेच्या आतला श्रोता प्रामुख्याने मूल नाहीच. बोध आहे, पण तो पश्चात्तापाने भरलेल्या प्रौढ सांगणाऱ्याचा आहे. लहान श्याम हट्टी, भित्रा, चुकणारा असाच राहतो. शहाणपणाला बसायला चौकटीत जागा आहे, म्हणून ते मुलाच्या तोंडी घुसत नाही. साने गुरुजींच्या अनुयायांनी बोध उचलला आणि चौकट टाकून दिली. मग त्या प्रौढ शहाणपणाने जायचे कुठे? ते नायकाच्या जिभेवर जाऊन बसले. 'बाईंसारखा बोलणारा मुलगा' जन्मला तो असा. संस्काराच्या नावाखाली ज्याचा वारसा सांगितला जातो, त्या पुस्तकाच्या रचनेचाच हा विसर आहे.

भागवतांनी वेगळी वाट काढली. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याला विद्याभवनात शिकायला येतो. त्याच्या कथांचा निवेदक फेणेच्या वेगाने पळतो आणि त्याच्यापेक्षा फार जास्त काही जाणत नाही. ज्ञानाचे अंतर इथे गतीने मिटवले आहे. याची किंमतही आहे : फेणे अनेक संकटांतून जातो पण फारसा बदलत नाही. ही मर्यादा सांगणे म्हणजे भागवतांचा अपमान नव्हे, ते त्यांना लेखक म्हणून गंभीरपणे घेणे आहे. तिसरी वाट प्रकाश नारायण संतांची. 'वनवास' (१९९४) मधला लंपन आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे राहतो आणि स्वतःच सांगतो. सांगताना पुढचे शहाणपण तो रोखून धरतो. त्याला न उमगलेले आपल्याला उमगते आणि त्या फटीतून दुःख दिसते. लंपनच्या कथांवर समीक्षेने भरभरून लिहिले, कारण त्या 'प्रौढ साहित्य' म्हणून आल्या. त्या किशोर मालिकेत, रंगीत चित्रांसह छापल्या असत्या तर? तर त्यांनाही बहुधा संस्कारमूल्याचे गुण मिळाले असते. सीमारेषा संहितेत नाही, ती आपल्या कपाटात आहे.

आता पुरस्कारप्राप्त कादंबऱ्यांना हेच प्रश्न विचारून पाहावेत. 'खारीचा वाटा'मध्ये धरणापायी होणारे विस्थापन आहे. त्याची दखल घेताना 'ज्वलंत विषय' या शब्दांपाशी न थांबता विचारायला हवे की पुनर्वसनाचे राजकारण मुलाच्या कळण्याच्या कक्षेत किती येते, आणि जे येत नाही ते लेखक कोणत्या मार्गाने आत आणतो. 'पियूची वही' रोजनिशीचे रूप घेते. रोजनिशी हे रूप निवडले की निवेदकाची पळवाट बंद होते. मग वहीतल्या मुलीचे वाक्य आणि लेखिकेचे वाक्य कुठे वेगळे होतात? 'जंगल खजिन्याचा शोध'चे लेखक वनखात्यात काम केलेले आहेत. ही माहिती कथनात कशी मुरते, कुठे पाठ होऊन बसते? सासण्यांच्या प्रौढ कथेतील गूढ आणि 'समशेर आणि भूतबंगला'मधील भुताचे रहस्य यांचे नाते काय? यांची उत्तरे या कृतींच्या बाजूने जातील किंवा विरुद्ध. दोन्हीही चालेल. प्रश्नच न विचारता टाळ्या वाजवणे मात्र चालू नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मुलांच्या पुस्तकाला एवढे जड सिद्धान्त कशाला? याचे उत्तर त्या सहावीतल्या मुलाने दिलेले आहे. त्याने सिद्धान्त न वाचता दोष ओळखला, आम्ही सिद्धान्त वाचूनही ओळखला नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जॅकलिन रोझ यांनी १९८४ साली पीटर पॅनच्या निमित्ताने असे मांडले की बालसाहित्यातले मूल हे प्रौढांनी आपल्या इच्छेतून रचलेले असते. मुलाचे साहित्य मुळात अशक्यच. हे मान्य केले तर समीक्षेची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. मूल जर प्रौढच रचत असतील, तर ते कसे रचतात, कोणाचे मूल रचतात आणि कोणाचे वगळतात, हे तपासायला नको का? बंद कारखान्याच्या वस्तीत वाढणारे मूल केवळ विषय म्हणून यावे अशी माझी मागणी नाही. ते आले आणि पुन्हा बाईंसारखेच बोलू लागले, तर त्याचा काय उपयोग?

अमेरिकेत न्यूबेरी पदक १९२२ साली सुरू झाले आणि १९२४ साली 'हॉर्न बुक' हे मुलांच्या पुस्तकांना वाहिलेले नियतकालिक निघाले. तिथेही पुरस्कारांवरून भांडणे होतात, चुकीची पुस्तके निवडली जातात. पण ती चुकीची का, हे सांगणारी जागा पुरस्काराच्या शेजारीच उभी आहे. आपल्याकडे पदक आहे, शेजारची जागा रिकामी आहे.

ती भरण्यासाठी नवे नियतकालिक काढायला हवे असे नाही. एम. ए. च्या कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेत एक किशोर कादंबरी इतर कादंबऱ्यांच्या पंगतीला लावावी, 'बालसाहित्य' या स्वतंत्र घटकात नव्हे. बालसाहित्यावरील प्रबंधाने 'सर्वेक्षण' हा शब्द सोडून एकाच कृतीपाशी थांबण्याचे धाडस करावे. मार्गदर्शकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, ते करू द्यावे. आणि ज्या पानांवर आपण प्रौढ कादंबऱ्यांची चिरफाड करतो, त्यांच्यावर पुढच्या वर्षीच्या पुरस्कृत किशोर कादंबरीचे किमान एक दीर्घ, प्रतिकूल होण्याची मुभा असलेले परीक्षण छापले जावे. ते लिहायला मी तयार आहे. त्याआधी ती कादंबरी गच्चीवरच्या त्या मुलाला वाचायला देईन, आणि तो कोणत्या पानावर थांबला ते विचारून घेईन.