कपाशी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

वऱ्हाडच्या काळ्या रानात कपाशीला बोंडे धरू लागली, की शेतकऱ्याच्या मनात आशेबरोबर शंकाही शिरते. बोंड वरून हिरवेगार दिसते. पण आत गुलाबी बोंडअळी सरकी पोखरीत बसलेली असते. ती दिसत नाही, म्हणून फवारणी अंदाजाने होते. अंदाज चुकला तर पैसा जातो, पीक जाते. कधी माणूसही जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर विषारी औषधे फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. न लागणारी एक फवारणी टळली, तरी तेवढे विष माणसाच्या श्वासात जाण्याचे टळते.

अळीची चाहूल घेण्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधासारख्या वासाने नर पतंग त्यांत येऊन अडकतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री दररोज आठ पतंग सापडले, तर उपाय योजण्याची वेळ आली, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण रोज ते ओळखून मोजावयाचे कोणी? मुंबईच्या ‘वाधवानी एआय’ या संस्थेने या कामी यंत्राला जुंपले. सापळ्यातील पतंगांचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे. यंत्र ते मोजते आणि फवारावे की थांबावे, याचा सल्ला देते. लहान मूल पुन्हा पुन्हा पाहून मूग व उडीद ओळखावयास शिकते, तसेच यंत्रही माणसांनी खुणा करून दिलेली असंख्य छायाचित्रे पाहून शिकते.

यंत्राला शिकवावे लागते, म्हणूनच हे कार्य वऱ्हाडातील विद्यापीठांनी आपले मानले पाहिजे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून येथील कोरडवाहू शेतीचा अभ्यास करीत आले आहे. अमरावतीच्या विद्यापीठास तर गावोगाव खराटा घेऊन हिंडलेल्या संत गाडगेबाबांचे नाव आहे. लोकांच्या आरोग्याची कळकळ त्या नावातच आहे! परमुलखातील छायाचित्रांवर शिकलेले यंत्र येथल्या पावसात भिजून पंख झडलेला पतंग ओळखीलच, असे नाही. शिवाय त्याचा सल्ला शेतमजुराला कळेल अशा बोलीत हवा.

प्रथिनांची रचना यंत्राकरवी ताडणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला. ही थोरवी खरीच. पण तेवढ्याने मजुराच्या नाकावरचे साधे फडके जाऊन तेथे मुखवटा येत नाही.

यंत्र सांगेल ते निमूटपणे करावे, असे कित्येकांना वाटते. ते धोक्याचे आहे. वारा कोणीकडून वाहतो, फवारणाऱ्याच्या हातांत मोजे आहेत की नाहीत, हे त्या छायाचित्रात येत नाही. आणि सल्ला चुकला तर नुकसान यंत्राचे होत नाही. सापळ्यातील पतंग मोजणे सातवीतल्या मुलालाही जमते. त्याची मोजणी आणि यंत्राची मोजणी जुळली नाही, तर ती तफावत विद्यापीठापर्यंत पोचविण्याची सोय हवी. यंत्र सुधारावयाचे ते अशा तफावतींवरूनच.