गिटार आणि पदवी

शाळाही पुरी न केलेला सॉनी बोनो हा गवई १९८८ साली कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्जचा नगराध्यक्ष झाला, १९९४ साली थेट काँग्रेसवर निवडून गेला, तेव्हा अमेरिकेतील शहाण्यासुरत्यांनी नाके मुरडली. गाणाऱ्याने गावे, कारभार पदवीधरांनी पाहावा!

ठीक. मग २००४ ची अध्यक्षपदाची निवडणूक पाहा. बुश आणि केरी, दोघेही येलचे पदवीधर. केरींनी तर शाळेत असताना बँडमध्ये गिटार वाजवून तबकडीही काढली होती. येलवाल्याची गिटार ती हौस, आणि बोनोचे गाणे तो मात्र डाग?

आणि पदवीने शहाणपण तरी किती दिले? इराकवर चाल करण्याचा अधिकार २००२ साली बुश यांनी मागितला. केरींनी त्याच्या बाजूने मत दिले. ज्या शस्त्रांसाठी युद्ध मांडले, ती सापडलीच नाहीत. बोनो निदान आपल्या उपाहारगृहाच्या पाटीच्या परवानगीवरून नगरपालिकेवर चिडून राजकारणात उतरला होता. कचेरीच्या दाराबाहेर ताटकळणे त्याला ठाऊक होते.

मी मॅट्रिक मास्तर. मुलांना ‘पदवी घ्या’ असेच सांगतो. पण वाचकहो, पदवी ही शिकल्याची पावती. राज्य करण्याचा ताम्रपट नव्हे!