वीकएण्डची बिअर... आल्याची!

घरी बिअर बनवायचं खूळ माझ्या डोक्यात भरलं ते ऑफिसातल्या एका मित्राने. तो अमेरिकेत वर्षभर राहून आलेला. तिकडे १९७८मध्ये कायदा बदलला आणि घरी बिअर बनवायला मोकळीक मिळाली, लोक गॅरेजमध्ये पिंपं लावून बसतात, वगैरे वगैरे. म्हटलं, आपणही करू! द्रोणागिरीत फ्लॅट घेतलाय, बाल्कनी रिकामीच आहे.

पण दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली, कायदा. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती का असेना. पुण्यात २००९मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली, तीही रीतसर परवाना काढूनच.

दुसरी, वेळ. मी सकाळी लोकलने मुंबईला, बायको बंदराजवळच्या गोदामात शिफ्टला. जानेवारी २०२४मध्ये गाडी उरणपर्यंत आली, द्रोणागिरीला स्टेशन मिळालं, पण एक लोकल चुकली की बसा फलाटावर! आठवडाभर आमची भेट व्हायची ती फ्रिजवरच्या चिठ्ठीतून. अशात यीस्टचे लाड कोण करणार?

तोडगा बायकोनेच काढला. ‘‘जिंजर बिअर कर ना. चहासाठी आलं तर रोज किसतोच आपण.’’

आणि खरंच, सगळी गोम त्या किसणीत आहे. आधी आल्याचं विरजण लावायचं. बरणीत दोन कप उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर सालासकट किसलेलं आलं, चमचाभर साखर. वर फडकं बांधायचं. मग रोज चहा उकळेपर्यंत त्यात पुन्हा एकेक चमचा आलं-साखर. दोन मिनिटांचं काम. आपल्याकडच्या उकाड्यात चार-पाच दिवसांत बुडबुडे येतात. आल्याच्या सालीवरचं यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं, आपण ऑफिसात असलो तरी!

बुधवारी रात्री दोन लिटर पाण्यात शंभर ग्रॅम आलं आणि कपभर साखर उकळायची. पूर्ण गार झाल्यावर (गरम असेल तर यीस्ट मरतं) दोन लिंबं पिळायची, अर्धा कप विरजण गाळून घालायचं आणि सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत दोन बोटं जागा सोडून भरायचं. शुक्रवारी सकाळी बाटली दाबून बघायची. टणक लागली की थेट फ्रिजमध्ये. गुरुवारीच टणक झाली, तर गुरुवारीच.

इथे आळस नको. पहिल्या वेळी मी ऐटीत काचेच्या बाटल्या भरल्या, मन्थ-एण्डच्या गडबडीत विसरलो आणि तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात धडाम्! छतापर्यंत आलं. नशीब, तेव्हा तिथे कोणी नव्हतं. शिवाय बाटली जितकी बाहेर राहते तितकं अल्कोहोल वाढतं. वेळेत फ्रिजमध्ये गेली तर ते अगदी नावापुरतं राहतं. म्हणून दोन दिवसांची मर्यादा मी मोडत नाही.

तेव्हापासून एक नियम केलाय. जो शेवटी घराबाहेर पडेल, त्याने बाटली दाबायची आणि चिठ्ठी लिहायची. पूर्वी चिठ्ठीत ‘गॅसवाला येणार’, ‘लाइट बिल भर’ असायचं. आता ‘आलं घातलं, बुडबुडे भरपूर’, ‘उद्यापर्यंत थांब, अजून मऊ आहे’ असं असतं. म्हणजे कामाचंच, पण दोघांच्या एका कामाचं.

शुक्रवारी रात्री दहाला आम्ही बाल्कनीत बसतो. लांबवर कंटेनरच्या ट्रेलरची रांग, हातात थंडगार ग्लास, आणि बोलायला अख्खा आठवडा शिल्लक. वेळ काढायला कुठे गेलो नाही आम्ही. होता त्या चहाच्या वेळेलाच विरजण लावलं!

मित्र विचारतो, ‘‘चढते का रे?’’

चढत नाही. पण शुक्रवारची लोकल मी सहसा चुकवत नाही.